व्हिसावरचा हुद्दा आधी वाचा

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, माणगाव या पट्ट्यात कुणाचाही मोबाइल उघडा, एक जाहिरात हमखास सापडेल. वर विमानाचं चित्र, खाली 'अर्जंट रिक्वायरमेंट', मग वेल्डर, पाइप फिटर, स्कॅफोल्डर, एसी टेक्निशियन अशी यादी, पगाराचा आकडा, 'फूड-अकोमोडेशन फ्री', 'डायरेक्ट क्लायंट इंटरव्ह्यू' आणि तळाला एक मोबाइल नंबर. एजंटच्या परवान्याचा नंबर मात्र अनेकदा नसतोच. तो नसेल तर पुढची चौकशी करत बसू नका, जाहिरात पुसून टाका. असेल, तर खरं काम इथून सुरू होतं. कारण परवाना असलेल्या एजंटकडूनही माणूस चुकीच्या व्हिसावर जाऊ शकतो.

परदेशी कमवायला जाणं आपल्या किनाऱ्याला नवं नाही. जंजिरा संस्थानाच्या गावांतली माणसं आफ्रिकेच्या टोकाला केपटाउनपर्यंत पोचली आणि तिथे कोकणी म्हणूनच ओळखली गेली. बोटीवरचे खलाशी तर त्याच्याही आधीपासून. तेलाचा पैसा आला तसा ओघ कुवेत, सौदी, दुबईकडे वळला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं, तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना जॉर्डनमार्गे परत आणावं लागलं. इतक्या पिढ्यांच्या सवयीमुळे एक समजूत पक्की बसली आहे: मामा किंवा मेव्हणा तिकडे असला की झालं, तो व्हिसा पाठवेल, पुढचं तिकडे जाऊन बघू.

ही समजूत आता महागात पडते. आखाती देशांनी गेल्या काही वर्षांत बाहेरच्या कामगारांची प्रतवारी लावायला सुरुवात केली आहे. संयुक्त अरब अमिरातीत कामांचे नऊ स्तर आहेत. त्यातल्या वरच्या पाच स्तरांतलं काम, दहावीच्या पुढचं साक्षांकित प्रमाणपत्र आणि महिना किमान ४,००० दिरहम पगार या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच माणूस 'कुशल' धरला जातो. सौदीने २०२५पासून परदेशी कामगारांचे परवाने उच्चकुशल, कुशल आणि प्राथमिक अशा तीन गटांत विभागले. तुमच्या हातात काय कसब आहे हे तिकडचं सरकार बघायला येत नाही. कागदावर जे लिहिलं असेल तेच तुम्ही.

नेमकं इथेच आपल्या जिल्ह्याचं घोडं अडतं. रायगडात कुशल माणसांचा तुटवडा नाही. थळची आरसीएफ, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना, डोलवीचा पोलाद कारखाना, उसरचा गेल प्रकल्प, उरणची बंदरं या सगळ्यांच्या देखभालीवर आणि शटडाउनच्या कामांवर वाढलेली वेल्डर-फिटरची एक अख्खी पिढी इथे आहे. पंधरा वर्षं पाइपलाइन जोडणारा माणूस आहे, पण तो कंत्राटदाराच्या मस्टरवर 'हेल्पर' म्हणून. आयटीआय केलेलं नाही, अनुभवाचं पत्र मागितलं नाही, पगार रोखीत घेतला. असा माणूस मुंबईच्या ट्रेड टेस्टमध्ये सहज पास होतो आणि तरी 'लेबर'च्या व्हिसावर जातो, कारण एजंटकडे त्या वेळी लेबरचेच व्हिसे शिल्लक असतात. तिकडे काम वेल्डिंगचं, पगार लेबरचा. तक्रार करायची सोय नाही, कारण व्हिसावरचा हुद्दाही लेबरचाच.

म्हणून जायचं मनात आलं की एजंट शोधण्याआधी सहा महिने कागद जमवायला द्या. आतापर्यंत ज्या ज्या कंत्राटदाराकडे काम केलं त्याच्याकडून लेटरहेडवर अनुभवपत्र घ्या. त्यात नेमकं काम, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि कुठल्या साइटवर, हे तिन्ही हवं. 'चांगला मुलगा आहे' या वाक्याचा उपयोग शून्य. आयटीआय न केलेल्या अनुभवी कारागिराला खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येतं. तिच्या अटी आणि तारखा तालुक्याच्या आयटीआयमध्ये विचारा. अंगी असलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन सरकारी प्रमाणपत्र देणारी 'आरपीएल' योजनाही आहे. वेल्डरने शक्य असेल तर सिक्स-जीची टेस्ट द्यावी. यात पाइप ४५ अंशांत तिरका पक्का बांधलेला असतो, तो फिरवता येत नाही. वेल्डरलाच खालून, वरून, बाजूने अंग वळवून पूर्ण गोलाई भरावी लागते. जोड एक्स-रेमध्ये स्वच्छ निघाला, तर त्या एका कागदाने पगाराची बोलणी बदलतात.

सौदीला जाणाऱ्यांसाठी हा विषय आता ऐच्छिक राहिलेला नाही. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी टेक्निशियन आणि ऑटो इलेक्ट्रिशियन या पाच धंद्यांपासून सौदीने भारतात कौशल्य पडताळणी सुरू केली आणि पुढे यादी वाढवत नेली. लेखी परीक्षा संगणकावर, मग प्रात्यक्षिक, आणि हे सगळं इथल्याच मान्यताप्राप्त केंद्रावर. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. जानेवारी २०२५पासून पात्रतेची पडताळणी झाल्याशिवाय सौदीचा वर्क व्हिसा पुढे सरकत नाही. 'परीक्षेचं आपण बघून घेऊ, तुम्ही फक्त पैसे द्या' असं म्हणणारा एजंट तुमच्या गळ्यात बोगस प्रमाणपत्र मारतोय, आणि ते पकडलं गेलं की तो विमानतळावर तुमच्या शेजारी उभा नसेल.

पदवी-पदविका असलेल्यांसाठी साक्षांकनाचा वेगळा व्याप आहे. अमिराती, कुवेत, कतारसाठी आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, शेवटी त्या देशाच्या दूतावासाचा. सौदी, ओमान, बहारीन हे देश अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय शिक्का, मानतात, त्यामुळे तिथे शेवटची पायरी वाचते. यात काही आठवडे सहज जातात. ऑफर लेटर आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा राज्याचा शिक्का आधीच मारून ठेवा. मूळ गुणपत्रिका पोच घेतल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका.

आता खुद्द व्हिसा. तो हातात आला की पेढे वाटण्याआधी त्यावर हुद्दा काय, मालक कोण आणि प्रकार कुठला, हे बघा. मजकूर अरबीत असला तर गावात वीस-वीस वर्षं तिकडे काढून आलेले चाचा-मामू आहेत, त्यांच्याकडून वाचून घ्या. त्यांना लाजू नका, त्यांनाही बरं वाटतं. ऑफर लेटरवर 'पाइप फिटर' आणि व्हिसावर 'लोडिंग-अनलोडिंग कामगार' किंवा 'हाउस ड्रायव्हर' असं असेल तर तिथेच थांबा. 'तिकडे गेल्यावर चेंज करून देतो' हे वाक्य आपल्याकडे जितक्या वेळा ऐकू येतं, तितक्या वेळा ते खरं ठरलेलं दिसत नाही. घरकामाच्या व्हिसाचे नियम कंपनीच्या व्हिसाहून वेगळे असतात, आणि एकातून दुसऱ्यात जाणं अनेकदा बंद असतं.

मालकाच्या नावाचा मुद्दा आला की 'आझाद व्हिसा'वर बोलावंच लागतं. कोकणात हा शब्द अजून कौतुकाने उच्चारला जातो. एखादा कफील, म्हणजे तिकडचा प्रायोजक मालक, स्वतःच्या नावावर व्हिसा काढून तो विकतो, वर्षाला ठरलेली रक्कम घेतो, आणि माणूस बाहेर मिळेल तिथे काम करतो. कायद्यात असा कुठलाही व्हिसा नाही. इकाम्यावर, म्हणजे तिकडे राहण्याच्या परवान्यावर, एकाचं नाव आणि काम दुसऱ्याकडे, हा त्या देशात सरळ गुन्हा आहे. कफीलचा पैसा थकला किंवा त्याचं डोकं फिरलं तर तो 'हुरूब' लावतो, म्हणजे कामगार पळून गेल्याची नोंद करतो. मग पकडलं की तुरुंग, दंड, रवानगी आणि पुन्हा येण्यावर बंदी. शेजारच्याने आझाद व्हिसावर बंगला बांधला हे खरं असेलही. तो काळ आणि ती ढिलाई दोन्ही आता संपत आली आहेत.

तिसरा मुद्दा व्हिसाच्या प्रकाराचा. व्हिजिट व्हिसावर जाऊन काम शोधण्याची दुबईची जुनी वाट अनेकांनी तुडवली आहे. काम शोधणं वेगळं, काम करणं वेगळं. अमिरातीने ऑगस्ट २०२४मध्ये कायदा बदलून परवान्याशिवाय कामावर ठेवणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड ठेवला. असा मालक तुम्हाला पगाराची चिठ्ठी देणार नाही, अपघात झाला तर ओळख दाखवणार नाही. मुदत संपल्यावर राहिलात तर रोजचे ५० दिरहम तुमच्या खात्यावर चढत राहतात.

व्हिजिट व्हिसाचा दुसरा तोटा इकडचा आहे आणि तो कुणी सांगत नाही. १९८३च्या भारतीय एमिग्रेशन कायद्यानुसार दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' असा शेरा असतो. अशा माणसाला आखातासह १८ ठरावीक देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. मुंबईत हे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. मंजुरीचं काम आता 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावरून चालतं. तिथे परदेशी मालकाची नोंद असते, कराराची प्रत असते, पगाराचा आकडा असतो. या मंजुरीसोबतच प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा निघतो: दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये, वर कर; अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. व्हिजिट व्हिसावर जाणारा माणूस ही सगळी चाळणी चुकवून जातो. एजंटला तेच हवं असतं. १२ जून २०२४च्या पहाटे कुवेतमधल्या मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय गेले. असं काही घडलं की मागे राहिलेल्या बायकामुलांना पहिला प्रश्न कागदांचाच विचारला जातो.

दहावी पास असूनही पासपोर्टवर ईसीआर राहून गेलेला असतो, कारण पासपोर्ट काढताना दाखला जोडलेला नसतो. तो काढून टाकायला पासपोर्ट पुन्हा काढावा लागतो. हे काम व्हिसा यायच्या आधी उरका. मात्र ईसीआर गेला म्हणजे जिंकलो असंही समजू नका. दहावी-बारावी झालेल्यांचा करार मग बहुधा कुणी सरकारी माणूस तपासत नाही, तुमचा करार तुम्हीच वाचायचा असतो. नर्सचं वेगळं आहे: या १८ देशांत नोकरीला जाताना त्यांना पासपोर्ट कुठलाही असो, मंजुरी लागतेच.

पैशांबद्दल नियम अगदी सोपा आहे. नोंदणीकृत एजंट तुमच्याकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो. त्याची पावती द्यायलाच हवी. गावात दीड-दोन लाखांचे आकडे बोलले जातात, बायकोचे दागिने गहाण पडतात, आणि पावती मागितली की 'विश्वास नाही का?' असा उलटा प्रश्न येतो. 'नाही' असं उत्तर द्यायला शिका. एजंट नोंदणीकृत आहे का, त्याचा परवाना चालू आहे का, हे ई-मायग्रेटवर नाव टाकून कुणालाही बघता येतं. मोठ्या एजंटचं नाव सांगून गावोगाव फिरणारा 'सब-एजंट' कायद्याला ठाऊक नाही. पैसे शक्यतो बँकेतून, आणि कंपनीच्या खात्यावर.

मेडिकलला लोक अजून 'गामका' म्हणतात, जरी नोंदणी आता 'वाफिद' या पोर्टलवर होते. जुन्या टीबीचा बारीक डाग छातीच्या एक्स-रेत दिसला तरी 'अनफिट' होऊ शकतं. म्हणून इकडची नोकरी सोडण्याआधी अलिबागला किंवा तालुक्याला स्वतःच्या खर्चाने एक एक्स-रे आणि रक्ताची तपासणी करून घ्या. अनफिटचं फिट करून देणारे भेटतील. तिकडे पोचल्यावर पुन्हा तपासणी असते.

करारात सगळे पगाराचा आकडा बघतात, तो कसा फोडला आहे हे फार थोडे बघतात. समजा अमिरातीत २,००० दिरहम पगार ठरला. कागदावर बेसिक १,२०० आणि बाकीचे ८०० भत्ते. तिथे नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते ती पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकवर. १,२००च्या हिशोबाने दिवसाचे ४० दिरहम, वर्षाचे ८४०, पाच वर्षांचे ४,२००. तेच सगळे २,००० बेसिक असते तर पाच वर्षांचे ७,००० झाले असते. ओव्हरटाइमही बेसिकवरच धरला जातो, आणि शटडाउनच्या साइटवर ओव्हरटाइम म्हणजे निम्मी कमाई. त्यामुळे घासाघीस करायचीच असेल तर एकूण आकड्यापेक्षा बेसिकवर करा. ड्यूटी किती तासांची, जेवण कंपनीचं की भत्ता, दोन वर्षांनी रजेचं तिकीट कुणाचं, हे लेखी हवं. मुंबईत सही केलेला करार आणि तिकडे उतरल्यावर पुढे केलेला करार वेगळा असेल तर सही करण्याआधी दोन्हींचे फोटो घरी पाठवा.

नोकरी बदलण्याच्या बाबतीत आखात पूर्वीइतकं बंदिस्त राहिलेलं नाही. कतारने २०२०मध्ये मालकाच्या एनओसीची अट काढली, ओमानने जानेवारी २०२१पासून, सौदीने मार्च २०२१पासून एक वर्षानंतर ठरावीक अटींवर बदल खुला केला. अमिरातीत २ फेब्रुवारी २०२२पासून नवा कायदा आहे: प्रोबेशन सहा महिन्यांहून जास्त नाही, भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करता येत नाही, प्रोबेशनमध्ये तिथेच दुसरीकडे जायचं तर महिन्याची नोटीस. कुवेतने मात्र उलट पाऊल टाकलं. १ जुलै २०२५पासून खाजगी कंपनीच्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला देशाबाहेर पडताना मालकाच्या संमतीने एक्झिट परमिट घ्यावं लागतं. घरात कुणी आजारी पडलं तर रात्रीत तिकीट काढून निघता येईल, हे कुवेतला जाणाऱ्याने गृहीत धरू नये.

बायको-मुलांना नेण्याचा विचार असेल तर हिशोब इथेच करा. सौदीत कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना ४०० रियाल सरकारी फी आहे. बायको आणि दोन मुलं म्हणजे १,२०० रियाल दर महिन्याला, घरभाडं आणि शाळेच्या आधी. ही फी लागू झाली तेव्हा अनेक कोकणी कुटुंबांनी बायकामुलांना गावी पाठवलं, ते काही हौसेने नाही.

लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रज्ञान विद्यापीठातून किंवा पनवेल-अलिबागच्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मुलांचं लक्ष आखातापेक्षा पश्चिमेकडे असतं. तिथल्या मर्यादा थोडक्यात. अमेरिकेचा एच-१बी वर्षाला ६५,००० आणि तिथली उच्च पदवी असणाऱ्यांना आणखी २०,०००. तीन वर्षांचा, वाढवून सहा. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची. २१ सप्टेंबर २०२५पासून अमेरिकेबाहेरच्या उमेदवाराच्या नव्या अर्जावर मालकाला १ लाख डॉलर भरायला लावणारा आदेश निघाला आणि त्यावर कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. नव्या पदवीधराने थेट भारतातून एच-१बी मिळेल हे धरून कर्ज काढू नये, इतकं तरी यातून घ्या. ब्रिटनने २२ जुलै २०२५ रोजी स्किल्ड वर्करसाठी पगाराची सर्वसाधारण पायरी ४१,७०० पौंडांवर नेली, आणि वृद्धांची काळजी घेणाऱ्या केअर वर्करची परदेशातून भरती बंद केली. तरीही केअर व्हिसाच्या नावाने पैसे उकळणारे फिरत असतील, तर ते बंद दुकानाची तिकिटं विकत आहेत. ब्रिटनमध्ये स्पॉन्सर म्हणून मान्यता असलेल्या कंपन्यांची यादी तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर आहे, ती बघायला पैसे पडत नाहीत.

माझ्या मते आपल्या फिटर-इलेक्ट्रिशियन मुलांनी जर्मनी आणि जपानकडे जास्त गांभीर्याने बघावं. भारतीयांसाठीच्या कुशल कामगार व्हिशांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा जर्मनीने २०२४मध्ये केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार जणांना भाषा शिकवून पाठवायचं त्यात ठरलं. जपानच्या 'विशेष कौशल्य' व्हिसाला कौशल्य परीक्षा आणि जुजबी जपानी लागते, पहिल्या प्रकारात पाच वर्षं राहता येतं, पण कुटुंब नेता येत नाही. दोन्हीकडे अडथळा भाषेचा आहे. त्यावर वर्षभर घासावं लागतं, आणि ते घासणं एजंटला विकत देता येत नाही. म्हणूनच या वाटेवर फसवणूक तुलनेने कमी राहावी.

बोटीवर जाणाऱ्यांचे नियम सगळे वेगळे. तिथे ई-मायग्रेट नाही, नौवहन महासंचालनालयाचा 'आरपीएसएल' परवाना असलेली कंपनी लागते, आणि अशा कंपनीने खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेणं नियमात बसत नाही. उरण-अलिबागच्या मुलांकडून 'जॉइनिंग'चे लाखो रुपये मागणारा माणूस कुठल्याही नियमात बसत नाही.

जाताना पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा आणि एजंटची पावती यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेण्याचा हक्क आखातातल्या मालकाला साधारणपणे कायद्याने नाही, तरी तो मागितला जातो. दिलाच तर तारीख आणि नाव टिपून ठेवा. तिकडे अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. आणि इथे, पैसे देण्याच्या आधी, प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा टोल-फ्री नंबर लावून एजंटचं नाव आणि व्हिसावरचा हुद्दा दोन्ही विचारून घ्या.